रणपिसे बाईंचा चंद्र

'जवळच आहे' असं कुणी म्हटलं की रणपिसे बाईंचं डोकं फिरायचं. "जवळ म्हणजे किती?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. घाटकोपरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बँक कुठे आहे एवढंच विचारलं होतं. मी मराठीचा मास्तर. मुंबईतला माणूस देतो तेच उत्तर मी दिलं, "जवळच. दहा मिनिटं."

"दामले सर, मिनिटं हे अंतर नाही. आणि दहा कुणाची? तुमची की माझी?"

त्यांचं चालणं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या पळत नसत, पण त्यांच्याबरोबर चालणारा माणूस पळत असे.

पुढे कधीतरी मी सूड घेतला. भर स्टाफरूममध्ये विचारलं, "बाई, मिनिटं हे अंतर नाही ना? मग तुमचं ते प्रकाशवर्ष? ते वर्षच की!" सगळे हसले. मी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे विजय नीट उपभोगता येतो.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. "प्रकाश सिग्नलला थांबत नाही, सर. वाटेत भाजी घेत नाही. ओळखीचं कुणी भेटलं म्हणून गप्पा हाणत नाही. त्याचा वेग कायम एकच. तुम्ही तसं चालून दाखवा, तुमची मिनिटंही मी अंतर म्हणून धरीन."

सगळे पुन्हा हसले. मी चष्मा पुसतच राहिलो.

त्या नेहमी उभ्या असत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. पिशवीत दोऱ्याचं रीळ, मोजपट्टी आणि एखादं संत्रं. चहा अर्धा पिऊन कप कुठेतरी ठेवून द्यायच्या आणि बाकीच्यांनी आपापले कप हुडकत बसायचं. मूळच्या यवतमाळकडच्या. वडील तिकडे पोस्टात होते, धाकटी बहीण नागपुरात, यांनी लग्न केलं नाही, असं सगळं मला वर्षानुवर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळलं. स्वतःबद्दल सांगायला जेवढा वेळ एका जागी बसावं लागतं तेवढा त्या बसतच नसत. इतक्या वर्षांत त्यांची बोली पार मुंबईची झाली होती. फक्त संताप अनावर झाला की 'का'च्या जागी एकच शब्द गावाकडून धावत यायचा, "काहून?" तो ऐकला की पोरं पाठ्यपुस्तक उघडायची. कुठल्याही विषयाचं.

तारा किती लांब आहे हे तिथे न जाता कसं मोजायचं, हे नववीला शिकवण्यासाठी त्यांना एकदा तारा हवा होता. माझा तास रिकामा होता.

त्यांनी मला उघडी छत्री देऊन मैदानाच्या मध्यावर उभं केलं. माझ्या पाठीमागे रस्त्यापलीकडची इमारत, तिच्या खिडक्यांची रांग. वर्ग नेला व्हरांड्याच्या डाव्या टोकाला. "सांगा रे, सर कुठल्या खिडकीसमोर दिसतात?" पोरं ओरडली, "हिरवी चादर वाळत घातलीये, तिच्यासमोर!" मग वर्ग गेला उजव्या टोकाला. "आता?" "कूलरवाल्या खिडकीसमोर!"

"सर हलले का?"

"नाही बाई, आपण हललो."

"मग या सरकण्यावरून सर किती लांब आहेत ते काढता येतं. जास्त सरकले तर जवळ, कमी सरकले तर लांब. सर, मागे व्हा. अजून. अजून."

मी कंपाउंडच्या भिंतीला टेकलो. आता मी एका खिडकीहून जेमतेम शेजारच्या खिडकीपर्यंत सरकत होतो म्हणे.

पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "बाई, खऱ्या ताऱ्याला एवढा व्हरांडा पुरतो?"

या प्रश्नाची बाई वर्षभर वाट बघत असाव्यात. "कसा पुरेल गं! म्हणून पृथ्वीचाच व्हरांडा करायचा. आज बघून ठेवायचं. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे पोचते, तिथून परत बघायचं. एवढा मोठा व्हरांडा, तरी तारा सरकतो तो केसभर. चला वर्गात, काढू गणित."

आणि त्या निघाल्या. मागून वर्ग निघाला. मला मात्र सुरुवातीलाच बजावलेलं होतं की ताऱ्यानं स्वतःच्या मनानं हलायचं नाही. मी उभा राहिलो. घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला. पीटीच्या मास्तरांनी माझ्याभोवतीनं कबड्डी घेतली. शेवटी शिपाई छत्री परत मागायला आला, तेव्हा माझी सुटका झाली.

"तुम्ही खरंच उभे होतात?" संध्याकाळी बाईंनी विचारलं. आवाजात आदर होता की कीव, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आम्ही राहायलाही एकाच सोसायटीत होतो. मधल्या अंगणाभोवती चार जुन्या इमारती. बाई एकट्या, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्या शेजारी तिपाईवर दुर्बीण, खिडकीबाहेर तोंड करून. सोसायटीचे सेक्रेटरी गडाभाई यांना ती दुर्बीण आपल्याच गॅलरीवर रोखलेली आहे असा संशय होता, म्हणून ते गॅलरीत कायम शर्ट घालून येत.

एका दिवाळीला याच गडाभाईंनी फर्मान काढलं की यंदा सगळ्या गॅलऱ्यांत एकसारखे कंदील आणि एकसारखे बल्ब. घाऊक घेतले होते. लोकांनी नाकं मुरडली. बाई मात्र खूश. पहिल्याच संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांना घेऊन अंगणात हजर.

"तारे फार लांब गेले की त्यांचं सरकणं दिसेनासं होतं," त्या पोरांना सांगत होत्या. "मग दुसरी युक्ती. ज्याचा खरा उजेड आपल्याला ठाऊक आहे असा दिवा शोधायचा. तो जितका मंद दिसेल तितका लांब. आकाशात काही तारे असतात, ठरावीक तालात उजळतात, मंदावतात. तो ताल मोजला की त्यांचा खरा उजेड कळतो. आपल्याला तेवढीही कटकट नाही. गडाभाईंनी सगळीकडे एकच बल्ब लावलाय."

पोरांच्या हातात बटर पेपरचे तुकडे. एकावर एक धरायचे, कितव्या थराला कंदील दिसेनासा होतो ते बघायचं, त्यावरून कुठलं घर किती लांब ते काढायचं. झकास चाललं होतं. तेवढ्यात आमच्या घराची पाळी आली. आमचं घर सगळ्यात लांबच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. हिशेबानं ते अंगणातल्या गडाभाईंच्या स्कूटरवर आलं.

पोरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा स्कूटरवर.

बाई जिना चढून थेट आमच्या दारात. "सर, कंदिलात काय केलंत?"

मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणालो, "मीनाला अंधूक वाटत होता ना, म्हणून चांगला दणदणीत बल्ब आणून लावला. कसा दिसतोय?"

"अहो, आकाशगंगेची वाट लावलीत तुम्ही!"

"मी सांगत होते यांना," आतून मीनाचा, म्हणजे आमच्या सौ.चा आवाज. तिनं काहीही सांगितलं नव्हतं.

मी स्टूल ओढून बल्ब काढायला चढलो, तर बाईंनीच हात धरला. चेहरा एकदम उजळलेला. "थांबा, थांबा! काढू नका." आणि जशा आल्या तशा खाली. वरून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "पोरांनो, दामले सरांनी केलं तेच आकाशानं शास्त्रज्ञांना केलं होतं! तालात उजळणाऱ्या ताऱ्यांच्या दोन जाती निघाल्या, एक जास्त तेजस्वी, आणि हे दोन्हींना एकच समजून बसले. चूक कळली तेव्हा दूरच्या दीर्घिकांची अंतरं जवळजवळ दुप्पट झाली!"

खाली पोरांनी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या. मी स्टुलावरूनच हात हलवला.

हे सगळं गमतीचं. पण पुढे एका दुपारी स्टाफरूममध्ये किटलीतून चहा ओतताना बाईंनी तो कपाच्या शेजारी ओतला. टेबलावरून धार खाली गेली तरी ओतत होत्या. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. किटली खाली ठेवली आणि कपाच्या कानाला बोट लावून पाहिलं.

काचबिंदू होता. उजवा डोळा बराचसा गेलेला, त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. डावा थेंबांवर टिकवायचा, टिकेल तितका. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती. हे त्यांनी मला शाळेच्या गेटपासून सोसायटीच्या गेटपर्यंत चालता चालता सांगितलं, आणि मी धापा टाकत ऐकलं.

"त्याचं जे व्हायचं ते होईल," त्या म्हणाल्या. "पण सर, इतकी वर्षं मी पोरांना अंतरं सांगत आले. चंद्र एवढा लांब, सूर्य एवढा, व्याध एवढा. पुस्तकात होतं, मी फळ्यावर लिहिलं. मी स्वतः एकही मोजलेलं नाही. एक तरी मोजायचंय. स्वतःच्या डोळ्यानं. दिसतंय तोवर."

"कुठलं?"

"चंद्र. सगळ्यात जवळचा तोच. दोन शहरांतून एकाच क्षणी फोटो काढायचा. मागच्या ताऱ्यांसमोर चंद्र दोन्हीकडून किंचित वेगळ्या जागी दिसतो. मैदानात तुम्ही दिसला होता ना, तसाच. दोन शहरांमधलं अंतर माहीत आहे, सरकणं फोटोवर मोजायचं. झालं."

नेमकं मे महिन्यात माझ्या भाच्याचं लग्न नागपूरला होतं. चंद्र त्या संध्याकाळी मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ येणार होता. बाईंनी कुणाचा तरी मोठ्या झूमचा कॅमेरा मागून आणला, मला वापरायला शिकवला आणि वेळ ठरवून दिली. त्या घाटकोपरला गच्चीवर, मी नागपूरला मंगल कार्यालयाच्या गच्चीवर.

मी वेळ सेकंदावर पाळली. यात माझी चूक काढायला जागा नाही. पण कॅमेऱ्यातून चंद्र पाहिला आणि माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. काय तो चंद्र! शेजारी मात्र एक चुकार ठिपका लुकलुकत होता, डागासारखा. चौकटीचा तोल बिघडवत होता. मी झूम वाढवला, ठिपका हद्दपार केला, चंद्र बरोब्बर मधोमध आणला, आणि असा फोटो काढला की त्यातली विवरं मोजून घ्यावीत. वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांनी तो माझ्याकडून मागून घेतला. एकानं व्हॉट्सॲपवर डीपी ठेवला. मी तो बाईंनाही पाठवला आणि जिलबीच्या पंगतीला बसलो.

फोन आला.

"सर, तारा कुठंय?"

"तारा? अच्छा, तो ठिपका! तो मी बाहेर ठेवला. काय स्वच्छ आलाय ना?"

इकडे सनई वाजत होती.

"काहून?" बाई म्हणाल्या.

पण त्यात संताप नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मग हळू म्हणाल्या, "मागे काहीच नाही, सर. हा चंद्र कुठलाही असू शकतो, कुठेही असू शकतो. जेवा तुम्ही." जिलबी माझ्या हातात तशीच राहिली.

मग पावसाळा, आकाश बंद. बाई निवृत्त झाल्या होत्या आणि आता दिवसभर घरात येरझाऱ्या घालायच्या. खालच्या मजल्यावरच्यांनी गडाभाईंकडे तक्रार केली होती. रोज सकाळी खिडकीत उभं राहून डाव्या डोळ्यानं समोरच्या फरसाणवाल्याची पाटी वाचायची, हे त्यांचं परीक्षेचं तंत्र. वरचं मोठं नाव दिसायचं. त्याखालची 'ताजा ढोकळा' ही ओळ कधी दिसायची, कधी नाही. न दिसलेल्या दिवशी त्या मला फोन करून विचारत, "सर, ढोकळ्याची पाटी काढली का हो त्यानं?" मी खिडकीत जायचो. पाटी तिथेच असायची. "हो, रंगवायला नेलीये बहुतेक," मी म्हणायचो. माझं खोटं त्यांना कळत असणार. त्या फक्त "बरं" म्हणायच्या.

पावसाळा संपला तर आमच्या आजूबाजूला पाडापाडी सुरू झाली. पुनर्विकासाची धूळ इतकी की चंद्र ताकात पडल्यासारखा दिसायचा. एका महिन्यात इकडे धूळ, पुढच्या महिन्यात नागपूरला बहिणीकडे ढग. ढोकळ्याची ओळ आता दिसतच नव्हती, आणि बाईंनी तिच्याबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं. फेब्रुवारीत चंद्र कृत्तिकांच्या पुंजक्याजवळून जाणार होता. एक नाही, मूठभर तारे मागे. बाईंनी जाहीर केलं, "नागपूरला या वेळी मी जाते. बहिणीचा मुलगा आहे कॅमेऱ्याला. तुम्ही इथं थांबा. आणि सर, चंद्र बिघडला तरी चालेल. मागचं आलं पाहिजे."

त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तर दाराला कुलूप. वॉटरप्रूफिंग. मी गडाभाईंच्या दारावर थाप मारली.

"दामलेसाहेब, गच्चीवर नवीन डांबर हाय. आठ दिवस कोणी जायचा नाय."

"गडाभाई, रणपिसे बाईंचा चंद्र आहे."

"चंद्र उद्या पण येते."

"उद्या तो दुसरीकडे असतो. आणि बाईंचा डोळा..." गडाभाई खुंटीवरची किल्ली काढून स्वतःच पुढे चालू लागले. चपला दाराशी काढून आम्ही दोघं अनवाणी त्या चिकट डांबरावर. कॅमेरा तिपाईवर, फोन स्पीकरवर, पलीकडे बाई.

"कृत्तिका दिसतात?"

"दिसतात."

"मोजून सांगा."

मी सांगितल्या. बाई ओरडल्या, "काढा आता. एकदम. काढा!"

मी धडाधड बटण दाबत सुटलो. गडाभाई मागून पडद्यात डोकावले आणि कळवळले, "अरे, चंद्र तर पूरा जळून गेला! पांढरा गोळा! परत काढा ना व्यवस्थित."

"जळू दे," मी म्हणालो. "मागे बघा." त्या पांढऱ्या गोळ्याच्या बाजूला बारीक बारीक तारे आले होते. सगळे.

बाई परतल्या त्या स्टेशनवरून थेट छपाईवाल्याकडे. दोन्ही फोटो पारदर्शक कागदावर काढून आणले. टेबलावर एकावर एक ठेवले आणि तारे ताऱ्यांवर बसवले. ते बरोबर बसले. चंद्र मात्र बसला नाही. एकाच्या मागून दुसरा किंचित बाहेर आलेला. तेवढं ते सरकणं. बाईंनी डाव्या डोळ्याशी भिंग धरलं आणि त्या इतक्या वाकल्या की नाक कागदाला लागलं. मी पट्टी धरू का विचारलं. "नको," म्हणाल्या. मग आकडेमोड. मग पुन्हा मोजणं, पुन्हा आकडेमोड.

"चार लाख तीस हजार किलोमीटर."

पुस्तकातलं अंतर मलाही पाठ होतं. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. "परत माझ्यामुळे चुकलं का?"

"थोडं तुमच्यामुळे. उजेड जास्त झाला, चंद्राची कड फुगलीये. थोडं माझ्यामुळे, कड कुठं संपते ते मला नीट दिसत नाही." त्या कागदाकडे बघत होत्या. "पण बाकीचं बरोबर आहे, सर. एवढं बरोबर आहे."

मग त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मी चहा केला. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

पुढे आमची सोसायटीही पाडायला निघाली. आम्ही मुलुंडला भाड्यानं गेलो, बाई दहिसरला भाचीकडे. मध्यंतरी मी भेटायला गेलो होतो. उजव्या डोळ्याचा कारभार संपला होता, डाव्यानं माणसं ओळखत होत्या. "आता शुक्राचं बघायचंय," म्हणाल्या. निघताना मला सोडायला रिक्षापर्यंत आल्याच. नको म्हटलं तरी आल्या.

नदीच्या पुलाशी आम्ही उभे राहिलो. मी हात केला, तर त्यांनी माझा हात खाली ओढला. "मला थांबवू द्या." आणि येणाऱ्या रिक्षेकडे तोंड करून त्या मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे अशी हलवू लागल्या. मला आधी कळेना.

"एका डोळ्यानं लांब-जवळ कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "मान हलवली की कळतं. जवळचं जास्त सरकतं."

रिक्षावाल्याला ते ठाऊक नव्हतं. समोरच्या बाई जोरजोरात नको नको म्हणतायत असं समजून तो निघून गेला. त्याच्यामागचाही गेला. तिसऱ्यानं तर वेग कमी केला, बाईंची मान पाहिली आणि वाढवला.

"का गेला?"

"शिफ्ट संपली असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवणं थांबवलं नाही. पुलावरून चौथी रिक्षा येत होती. मी त्यांच्या पाठीमागून, त्यांना दिसणार नाही असा हात वर केला. रिक्षा कडेला आली, थांबली. बाईंची मान स्थिर झाली. त्यांनी हात पुढे केला, हवेत थोडा चाचपडला, मग रिक्षेच्या टपाला टेकवला आणि तसाच ठेवून मला म्हणाल्या, "बसा."